मरजान : दगड, झाड की जीव?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात उर्दूचा तास चालू होता. धड्यात 'मरजान' हा शब्द आला. नेहमीप्रमाणे मी फळ्यावर अर्थ लिहिला : 'एक क़ीमती सुर्ख़ पत्थर'. मुलांनी तो वहीत उतरवला. मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. "सर, सायन्सच्या मॅडमनी सांगितलं की मूंगा समुद्रात वाढतो. पत्थर कैसे बढ़ता है?"

प्रश्न सरळ होता. उत्तर माझ्याकडे नव्हते. पण शिक्षकाला 'मला माहीत नाही' म्हणणे जड जाते, आणि घंटा व्हायलाही पाचच मिनिटे उरली होती. मी म्हणालो, "बेटा, इम्तिहान में पत्थर लिखो." मुलीने मान डोलावली आणि वहीत 'पत्थर' लिहिले.

बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, की विद्यार्थ्याचा प्रश्न म्हणजे वर्गातला सर्वात मोलाचा क्षण. तो क्षण मी दोन सेकंदांत बुजवून टाकला. पुढे बरीच वर्षे मला त्याची आठवणही झाली नाही. आठवण झाली ती मालवणला, समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभा असताना.

पायाखालचा दगड

डिसेंबरच्या सुट्टीत बायको-मुलांना घेऊन मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा होताच. इतिहासाची आवड असल्यामुळे मुलांना सांगितले, की 1664 साली शिवाजी महाराजांनी या कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले आणि 1667 पर्यंत ते पुरे झाले. महाराजांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान यांच्यासारखे सरदार होते, हेही सांगितले. मुले ऐकत होती, पण त्यांचे लक्ष किनाऱ्यावरच्या 'स्नॉर्केलिंग' लिहिलेल्या फलकांकडे होते. शेवटी मीही तयार झालो.

होडीवाल्याने किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात नेले. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, हातात हवेची ट्यूब. पहिली पाच मिनिटे नाकातोंडात पाणी जाण्यातच गेली. मग श्वास जमला आणि खाली पाहिले, तर करड्या-तपकिरी रंगाचे गोल धोंडे, त्यांच्यामध्ये पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे. एवढ्यात नळीत पाणी शिरले. घाबरून मी पाय खाली सोडले आणि एका गोल धोंड्यावर उभा राहिलो. तळव्याखाली काहीतरी किंचित कुरकुरले.

पोरगेलासा गाईड जवळच पोहत होता. तो ओरडला, "सर, पाय खाली टेकू नकात! दगड नाय तो, जिवंत आसा!"

मी गडबडून ट्यूबला धरले आणि पाय वर घेतले. खाली पाहिले, तर धोंड्यावर माझ्या टाचेएवढा पांढरा चरा पडला होता. आणि त्याच क्षणी मला ती मागच्या बाकावरची मुलगी आठवली. पत्थर कैसे बढ़ता है?

कपाटातले 'झाड'

सुट्टी संपवून शाळेत आलो. आमच्या प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात प्रवाळाचा एक जुना नमुना आहे, हे मला माहीत होते. हाताएवढा, पांढराशुभ्र, फांद्या फुटलेला. त्याच्याखाली कोणा जुन्या शिक्षकाच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'समुद्री वनस्पती'. म्हणजे गंमत पाहा. आमच्या एकाच शाळेत, उर्दूच्या वर्गात मरजान दगड होता आणि प्रयोगशाळेत तोच झाड होता. जिवंत प्राणी तो फक्त मालवणच्या त्या गाईडच्या तोंडी होता.

मी आणि ते चिठ्ठी लिहिणारे गुरुजी, आम्ही दोघेही चुकलो होतो. पण शोध घेतला तेव्हा कळले, की या चुकीत आमच्या सोबतीला मोठमोठी माणसे आहेत. दगड, झाड, जीव या तीन पायऱ्या चढायला माणसाला दोन हजार वर्षे लागली.

ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने दगडांवरच्या आपल्या ग्रंथात प्रवाळाचा समावेश केला. रोमन लेखक प्लिनी याने लिहिले, की प्रवाळ पाण्याखाली झुडपासारखे असते आणि बाहेर काढल्यावर कडक होते. त्याच प्लिनीने आपल्याविषयीही एक नोंद केली आहे : रोमन लोकांना मोत्यांचे जेवढे वेड, तेवढेच हिंदुस्थानी लोकांना पोवळ्यांचे. ही नोंद खरी असावी असे मानायला जागा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकाच्या पुस्तकात भडोच आणि मलबारच्या बंदरांत उतरणाऱ्या मालामध्ये प्रवाळाचे नाव येते. आपले कल्याण आणि चौल ही बंदरेही त्याच पुस्तकात आहेत.

आता कुराणाकडे येऊ. सूरह रहमानमध्ये दोन समुद्रांमधून निघणाऱ्या 'लूलू' आणि 'मरजान' यांचा उल्लेख आहे. लूलू म्हणजे मोती, हे सर्वांना मान्य. पण मरजान म्हणजे नक्की काय, यावर जुन्या मुफस्सिरांमध्ये मतभेद आहेत. काहींनी त्याचा अर्थ 'लहान मोती' असा केला, काहींनी 'मोठे मोती', तर काहींनी लाल रंगाचे प्रवाळ. मी मदरशात आणि शाळेत एकच अर्थ ऐकला होता. एका शब्दाच्या अर्थावर आपल्या पूर्वजांनी एवढी चर्चा करून ठेवली आहे आणि मी मात्र पाच मिनिटांत विषय संपवला, याची लाज वाटली.

फारसी-अरबी ग्रंथांत प्रवाळाला 'बुस्सद' असाही शब्द आहे. अल-बैरूनीने जवाहिरांवर लिहिलेल्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. आजही युनानी हकीम 'बेख़-ए-मरजान', म्हणजे मरजानचे मूळ, आणि 'कुश्ता मरजान' अशी नावे वापरतात. आयुर्वेदात प्रवाळ भस्म आणि प्रवाळ पिष्टी आहे. 'मूळ' हा शब्द पाहा. मूळ दगडाला नसते, झाडाला असते.

बाराव्या शतकात निज़ामी अरूज़ी याने 'चहार मक़ाला' हा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सृष्टीची एक शिडी मांडली आहे. खनिजे सर्वात खाली, मग वनस्पती, मग प्राणी, मग माणूस. प्रत्येक पायरीचे शेवटचे टोक वरच्या पायरीला भिडलेले. खनिजांचे वनस्पतींना भिडलेले टोक कोणते? निज़ामीचे उत्तर आहे : मरजान. म्हणजे त्याने प्रवाळाला नुसता दगड म्हणून सोडून दिले नाही. हा दगड वाढतो, फांद्या फोडतो, तेव्हा तो झाडाच्या उंबरठ्यावर उभा आहे, असे त्याने ओळखले. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न निज़ामीलाही पडला होता, फरक इतकाच की त्याने तो टाळला नाही.

आठ पाकळ्यांचे फूल

युरोपात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मार्सिली नावाच्या इटालियन अभ्यासकाने ताजे प्रवाळ समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिले. थोड्या वेळाने लाल फांद्यांवर पांढरी फुले उमलली. प्रत्येक फुलाला आठ पाकळ्या. पाण्याबाहेर काढले की फुले मिटत, पुन्हा पाण्यात ठेवले की उमलत. मार्सिलीने जाहीर केले, की प्रवाळ ही वनस्पती आहे, मी तिची फुले पाहिली आहेत. विद्वानांनी ते मान्य केले.

त्यानंतर मार्सेय शहरातला झाँ-आंद्रे पेसोनेल हा डॉक्टर 1720च्या दशकात उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला. त्यानेही तोच प्रयोग केला. पण त्याला दिसले, की ही 'फुले' स्पर्श होताच आकसतात. ती सडली की माशांसारखी दुर्गंधी येते. त्याने निष्कर्ष काढला, की ही फुले नाहीत, हे छोटे प्राणी आहेत आणि दगडासारखा भाग हे त्यांचे घर आहे. पॅरिसच्या अकादमीत रेओम्यूर या नामवंत शास्त्रज्ञाने त्याचे म्हणणे मांडले खरे, पण ते इतके हास्यास्पद वाटले, की पेसोनेलची बदनामी होऊ नये म्हणून त्याचे नावच घेतले नाही. पुढे ट्रेंबले याने गोड्या पाण्यातल्या हायड्रावर प्रयोग केले आणि झाडासारखे दिसणारे प्राणीही असू शकतात, हे लोकांना पटू लागले. पेसोनेलचे लेखन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात 1750च्या दशकात छापले गेले. तोवर जवळजवळ पंचवीस वर्षे लोटली होती.

मार्सिलीने पाहिले ते खोटे नव्हते. आठ पाकळ्या खरोखरच होत्या. फक्त त्या पाकळ्या नसून त्या जिवाचे हात होते. डोळ्यांना दिसणे आणि ओळख पटणे यात इतके अंतर असते.

ओळखायचे कसे?

मालवणच्या फजितीनंतर मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. त्याच गाईडला शोधून काढले आणि पाण्यात उतरण्याआधी शिकवणी घेतली. घरी थोडी पुस्तकेही चाळली होती. जे कळले ते इथे सांगतो. वाचकांपैकी कोणी मालवणला, लक्षद्वीपला, अंदमानला किंवा नोकरीनिमित्त आखातात असाल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट : प्रवाळ म्हणजे एक प्राणी नव्हे, ती वस्ती असते. एकेक प्राणी, म्हणजे पॉलिप, बहुधा काही मिलिमीटरचा. तो आपल्याखाली चुनखडीचा पेला तयार करतो. पेल्याला पेला लागून भिंत होते, भिंतीवर पुढच्या पिढ्या बांधकाम करतात. म्हणून ओळखताना आधी पूर्ण वस्तीचा आकार पाहायचा आणि मग जवळ जाऊन, हात न लावता, पेल्यांची रचना पाहायची.

गोल धोंड्यासारखे, वरून जवळपास गुळगुळीत दिसणारे, आणि ज्यावर टाचणीने टोचल्यासारखी असंख्य बारीक छिद्रे दिसतात ते पोराइटीस. मी ज्यावर उभा राहिलो तो हाच. मालवणच्या पाण्यात हा भेटतोच. दगड समजण्याची चूक होते ती बहुतेक वेळा याच्याच बाबतीत.

धोंडा गोलच, पण त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी मोठी घरे दिसली, तर थांबून भिंती पाहायच्या. दोन घरांमध्ये एकच सामाईक भिंत असेल, आपल्या चाळीतल्या खोल्यांसारखी, तर तो फेवायटीस. प्रत्येक घराला स्वतंत्र कडे असेल आणि मध्ये बारीकशी गल्ली असेल, तर ज्याला पूर्वी सरसकट फेविया म्हणत तो प्रकार. आणि घरे वेगळी न राहता नागमोडी दऱ्या तयार झाल्या असतील, मेंदूच्या वळ्यांसारख्या, तर ते मेंदू-प्रवाळ, प्लॅटिजायरासारखे.

भरदिवसा पाण्यात हलणाऱ्या फुलांचा ताटवा दिसला, तर तो बहुधा गोनियोपोरा. बहुतेक प्रवाळे आपले हात रात्री बाहेर काढतात. हा मात्र दिवसाही बाहेर असतो. प्रत्येक पॉलिपला चोवीस हात असतात. मार्सिलीने हा पाहिला असता, तर त्यालाही त्याने बागच म्हटले असते.

ताटासारखा, पेल्यासारखा किंवा एकावर एक ठेवलेल्या पानांसारखा पसरलेला तो टर्बिनेरिया. तोही मालवणला आहे. मालवणचे पाणी बरेचदा गढूळ असते, पावसाळ्यात गाळ येतो. अशा पाण्यात नाजूक फांद्यांपेक्षा गोल आणि पसरट प्रकार जास्त तग धरतात.

फांद्यांची प्रवाळे पाहायची तर स्वच्छ पाण्याची लक्षद्वीप आणि अंदमानची बेटे. हरणाच्या शिंगासारखा किंवा टेबलासारखा पसरलेला तो अ‍ॅक्रोपोरा. त्याची खूण पक्की आहे : प्रत्येक फांदीच्या अगदी टोकाला एक मोठा पेला असतो आणि बाजूंना लहान पेले. वाढ टोकाकडे होते, म्हणून टोक फिकट दिसते. फुलकोबीच्या गड्ड्यासारखा, फांद्यांवर पुटकुळ्या असलेला तो पोसिलोपोरा. आणि वाळूत सुटी पडलेली, उलट्या अळंबीसारखी चकती दिसली तर तो फंजिया. ती चकती म्हणजे बहुधा एकच मोठा पॉलिप असतो.

एक इशारा. मोहरीच्या रंगाचे, पांढऱ्या कडांचे प्रवाळ दिसले तर दूर राहायचे. ते अग्निप्रवाळ, मिलेपोरा. ते खऱ्या प्रवाळांच्या कुळातलेही नाही, आणि त्वचेला लागले तर आग होते.

शेवटची खूण हातांच्या संख्येची. भित्ती बांधणाऱ्या कठीण प्रवाळांचे हात सहाच्या पटीत असतात. समुद्रपंखे आणि मऊ प्रवाळे यांना मात्र नेमके आठ, आणि तेही पिसासारखे. दागिन्यातले लाल पोवळे या आठ हातांच्या कुळातले आहे. म्हणूनच मार्सिलीने आठ पाकळ्या मोजल्या.

हे सगळे शिकल्यावर मी प्रयोगशाळेतला तो नमुना भिंगाखाली धरला. प्रत्येक फांदीच्या टोकाला मोठा पेला, बाजूंना लहान. अ‍ॅक्रोपोरा! ज्याला आम्ही इतकी वर्षे 'समुद्री वनस्पती' म्हणत होतो, त्याचे नाव त्याच्या अंगावरच कोरलेले होते, फक्त वाचायला कोणी आले नव्हते. आणि त्याचा पांढरा रंगही त्याचा नव्हे. तो हाडांचा रंग आहे. जिवंत प्रवाळ तपकिरी, हिरवट, पिवळट असते, कारण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात आणि त्याला अन्न पुरवतात. समुद्राचे पाणी फार तापले की ही शैवाले बाहेर पडतात आणि प्रवाळ जिवंतपणीच पांढरे पडते. तापमान लवकर उतरले तर ते सावरते, नाही तर मरते. 1998, 2010 आणि 2016 साली लक्षद्वीपच्या प्रवाळांनी असे आघात सोसले आहेत.

दादीची तस्बीह

आमच्या घरी लाल मण्यांची एक तस्बीह आहे. माझी दादी मुंबईहून जहाजाने हजला गेली होती, तेव्हा तिने ती आणली. लहानपणापासून मी ती 'मरजानची तस्बीह' म्हणूनच ऐकली. मला वाटायचे, की दादीचे जहाज ज्या तांबड्या समुद्रातून गेले, तिथलेच हे मरजान असेल.

तसे असणे कठीण आहे, हे आता कळते. तांबडा समुद्र प्रवाळांनी भरलेला आहे, पण ती भित्ती बांधणारी प्रवाळे आहेत, त्यांचे असे लाल मणी होत नाहीत. तिथल्या काळ्या प्रवाळाची, 'युस्र'ची, तस्बीह मात्र प्रसिद्ध आहे. दागिन्याचे लाल प्रवाळ मुख्यतः भूमध्य समुद्रातले. ते उथळ, उजेडाच्या पाण्यात नाही, तर गुहांमध्ये, खोल अंधाऱ्या कड्यांवर वाढते. मालवणला मास्क लावून कोणी लाल पोवळे शोधू लागला तर त्याला ते सापडणार नाही.

दहाव्या शतकातल्या इब्न हौक़लने आजच्या अल्जीरियाच्या किनाऱ्यावरील 'मरसा अल-ख़रज़', म्हणजे मण्यांचे बंदर, इथल्या प्रवाळ काढण्याच्या धंद्याचे वर्णन केले आहे. बाराव्या शतकातल्या अल-इद्रीसीने सब्ता शहरातल्या बाजाराविषयी लिहिले, जिथे प्रवाळ कापून, घासून, मणी ओवले जात. पाण्यात आडव्या-उभ्या लाकडी फळ्यांना जाळी आणि तागाचे झुपके बांधून ते ओढायचे, फांद्या त्यात अडकून तुटायच्या. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये याने सार्डिनिया, सिसिली आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील प्रवाळाची ठिकाणे नोंदवली आणि आशियातले सामान्य लोक गळ्यात, हातात पोवळी घालतात, असेही लिहिले.

अठराव्या शतकात तर हा व्यापार थेट आपल्या दारात होता. इटलीतल्या लिवोर्नो बंदरातले यहुदी व्यापारी गोव्याला प्रवाळ पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत. गोव्यात त्यांचा माल घेणारे व्यापारी सारस्वत हिंदू होते, त्यांत कामत घराणे ठळक. मुसलमान किनाऱ्याजवळच्या पाण्यातले प्रवाळ, ख्रिस्ती नावाडी, यहुदी पेढी, पोर्तुगीज जहाज, हिंदू व्यापारी. त्यातले काही मणी मंगळसूत्रात ओवले गेले, काही तस्बीहमध्ये. जपणाऱ्या बोटांनी कधी विचारले नाही, की हे कोणाकोणाच्या हातातून आले.

दादीची तस्बीह अस्सल प्रवाळाची आहे की काचेची, हे सोनाराकडून भिंगाखाली तपासून घ्यावे असे मला वाटले. अम्मीला विचारले. ती म्हणाली, "दादीची बोटं तीस वर्षं त्यावर फिरली. आता तपासून काय करणार?" मी तस्बीह परत ठेवून दिली. काही गोष्टींची ओळख वेगळ्या प्रकारे पटलेली असते.

दगड म्हणून वापरलेला जीव

पोराइटीसला मी दगड समजलो, त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. हिंदी महासागराच्या काठावरच्या मुसलमानांनी शतकानुशतके त्याला दगड म्हणूनच वापरले. मालदीवच्या माले शहरातली जुनी जुमा मशीद, हुकुरू मिस्कीय, 1658 साली सुलतान इब्राहीम इस्कंदर पहिला याच्या काळात बांधली गेली. ती प्रवाळाच्या चिऱ्यांची आहे. चिरे एकमेकांत खाचा करून बसवलेले आणि त्यांवर अप्रतिम कोरीवकाम. पोराइटीस पाण्यातून काढल्यावर ओला असेपर्यंत करवतीने कापता येतो, हवेत वाळला की टणक होतो. पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाच्या मोठ्या मशिदीतही हेच तंत्र दिसते. जेद्दाहच्या जुन्या वस्तीतली घरे प्रवाळाच्या दगडाची आहेत. दादी जहाजातून उतरली तेव्हा तिने ती पाहिली असणार.

या इमारतींचा अभिमान वाटतो. पण आज त्या पद्धतीने बांधता येणार नाही आणि बांधूही नये. कारण आता आपल्याला या दगडाचे वय माहीत आहे. पोराइटीसचा गोळा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. झाडाच्या खोडासारखी त्यातही वर्षागणिक वलये असतात, हे 1972 साली क्ष-किरणांच्या साहाय्याने सिद्ध झाले. त्या वलयांवरून कोणत्या वर्षी समुद्र तापला, कधी पूर आले, हे वाचता येते. बखरी लिहिणाऱ्यांना राजाची मर्जी सांभाळावी लागे. हा कोणाची मर्जी न सांभाळता दरसाल एक ओळ लिहीत राहतो.

म्हणजे मीटरभर उंचीच्या धोंड्याची सुरुवात टिळकांच्या हयातीत झालेली असू शकते. माझ्या टाचेने त्याच्या अगदी ताज्या, जिवंत पानावर चरा ओढला होता.

मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. कठीण प्रवाळे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत ती वाघाच्या पंक्तीला बसतात. तुकडा तोडणे, उचलून घरी आणणे, विकत घेणे हा गुन्हा आहे. पण कायद्याआधी ओळख हवी. वाघावर कोणी चुकून पाय देत नाही. प्रवाळावर देतात, कारण ते त्याला दगड समजतात.

म्हणून हात जोडून सांगणे एवढेच. पाण्यात उतराल तेव्हा पाय वर ठेवा, ट्यूब सोडू नका, कशालाही हात लावू नका, फोटोसाठी कशावरही उभे राहू नका. गाईड रागावला तर वाईट वाटून घेऊ नका.

प्रयोगशाळेतली जुनी चिठ्ठी मी काढली नाही. तिच्याखाली दुसरी लावली : 'अ‍ॅक्रोपोरा. प्राण्यांनी बांधलेले घर.' जुन्या गुरुजींची चूकही मुलांना दिसली पाहिजे. उर्दूच्या तासाला मरजान आला की आता मी फळ्यावर तीन शब्द लिहितो : पत्थर, पौधा, जानवर. आणि मुलांना विचारतो, कोणता बरोबर? अख्खा तास त्यातच जातो. अभ्यासक्रम थोडा मागे पडतो, पडू दे.

गेल्या जूनमध्ये ती मागच्या बाकावरची मुलगी दाखला घ्यायला शाळेत आली होती. आता कॉलेजात आहे. ऑफिसबाहेर भेटली, सलाम केला. मी तिला म्हणालो, "बेटा, मरजान पत्थर नहीं है. मैंने तुम्हें ग़लत बताया था."

तिला क्षणभर आठवेना. मग हसली. म्हणाली, "सर, मुझे तो उस वक़्त भी पता था. लेकिन पत्थर लिखने पे पूरे मार्क मिले थे."